रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल, पण ताटात किती?

‘डॉक्टर, हाडं दुखतात, कॅल्शियमची गोळी लिहून द्या,’ असं दवाखान्यात रोज कोणी ना कोणी म्हणतं. काही जण सोबत रक्ताचा रिपोर्टही आणतात. कॅल्शियम ९.४, म्हणजे नॉर्मल. मग पुढचा प्रश्न येतो, ‘म्हणजे मला कॅल्शियम कमी नाही ना?’

रक्ताच्या या एका आकड्यावरून ते कळत नाही. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या थोड्याशा कॅल्शियमवर हृदयाचे ठोके, स्नायू आणि नसा यांचं काम चालतं, त्यामुळे शरीर रक्तातली पातळी सहसा खाली जाऊ देत नाही. आहारातून कमी मिळालं, की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात आणतं. म्हणून वर्षानुवर्षं कमी खाऊनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. दुखण्याचं म्हणाल, तर गुडघेदुखी आणि कंबरदुखीची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात. ठिसूळ होणारी हाडं सहसा दुखत नाहीत. साध्या पडण्यानं मनगट किंवा खुबा मोडला, की मग ते लक्षात येतं.

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पाळी बंद झालेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना १२००. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना १००० ते १०५०. हाडांचा साठा साधारण तिशीपर्यंत वाढतो, पुढे तो टिकवायचा असतो. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत बायकांचा हा साठा झपाट्यानं घटतो.

आता आपल्या नेहमीच्या जेवणाचा हिशेब करू. दोन कप चहातलं मिळून अर्धा कप दूध १२० मिलिग्रॅम देतं. पाच पोळ्या ४५ च्या आसपास, वरण-भात तीस-चाळीस, वांगी-बटाटा-भेंडीसारख्या भाज्या पन्नासेक. एकूण अडीचशे ते तीनशे. म्हणजे पोट भरलेलं आहे, पण गरजेच्या चतुर्थांशाहून थोडंच जास्त मिळालंय. हे ताट बहुतेक वेळा घरातल्या बाईचं असतं. दूध मुलांना, दही नवऱ्याला किंवा सासऱ्यांना, आणि तिच्या वाट्याला चहातलं दूध. पन्नाशीतल्या बाईला मी औषधं विचारायच्या आधी हे विचारतो, की घरात येणाऱ्या दुधातलं तुमच्या पोटात किती जातं? बऱ्याचदा त्या हसतात आणि सोबत आलेली मुलगी उत्तर देते.

भर कशी घालायची?

दूध सगळ्यात सोपं. गायीचं असो वा म्हशीचं, २०० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. साय काढल्यानं ते कमी होत नाही, त्यामुळे कोलेस्टेरॉल किंवा वजनासाठी दूध बंद करायची गरज नाही, बिनसायीचं घ्या. पाणी घातल्यानं मात्र कमी होतं. दुधानं पोट फुगत असेल तर एक वाटी दही घ्या, त्यात दीडशेच्या आसपास मिळतं. पातळ ताक तहानेला उत्तम, पण पेलाभर ताकातून जेमतेम पन्नास-साठ मिळतात, तेव्हा त्याला दुधाची जागा देऊ नका.

दूध-दही नको असणाऱ्यांसाठी आपल्याकडे नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम, म्हणजे एका भाकरीतून दोनशेच्या घरात. धान्यातल्या फायटेटमुळे ते सगळं अंगी लागत नाही. मोड आणल्यानं किंवा आंबील करताना आंबवल्यानं फायटेट कमी होतं. लहान बाळांसाठी वस्त्रगाळ सत्त्व करतात, त्यात चोथ्याबरोबर काही कॅल्शियमही गळून जातं. बाळ थोडं मोठं झालं, की मोड आणलेल्या नाचणीचं न गाळलेलं पीठ वापरा.

पालेभाज्यांत सरसकट भर मिळत नाही. पालकातल्या ऑक्झलेटमुळे त्यातलं जेमतेम पाच टक्के कॅल्शियम शोषलं जातं, दुधातलं सुमारे तीस टक्के. अळू घशाला खाजतं तेही कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळेच! म्हणजे त्यात कॅल्शियम आहे, पण कुलपात. पालक आणि अळू इतर गुणांसाठी जरूर खा. कॅल्शियमसाठी मेथी आणि शेवग्याचा पाला बरा. सालासकट तिळाची दोन चमचे चटणी कागदावर शंभरच्या आसपास देते, पण तिच्यातही ऑक्झलेट असल्यानं तीळ जोडीला घ्या, सगळा भार त्यांच्यावर नको. मांदेलीसारखी लहान मासळी काट्यासकट चावून खाल्ली तर चांगलं कॅल्शियम मिळतं. सुकट, जवळाही चालतो, फक्त ब्लडप्रेशर असेल तर मिठाचं भान ठेवा.

वरच्या त्या ताटात एक पेला दूध, एक वाटी दही, एका पोळीऐवजी नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी आली, की हिशेब साडेनऊशेच्या आसपास जातो. आठवड्यातून दोन-तीनदा शेवग्याची किंवा मेथीची भाजी असेल, तर आणखी बरं.

व्हॉट्सअॅपवर फिरणारा ‘गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा’ हा सल्ला मात्र मानू नका. चुना दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका पोळू शकते. घरात लहान मूल असेल तर चुन्याची डबी हाताशी ठेवूच नये, डोळ्यात गेला तर कायमची इजा होते.

मुतखडा झालेले अनेक जण दूध सोडतात, कारण खडा कॅल्शियमचा असतो. प्रत्यक्षात जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. ते कमी केलं तर ऑक्झलेट जास्त शोषलं जातं आणि खड्याचा धोका वाढतो. खडा असेल तर पाणी वाढवा, मीठ कमी करा, दूध-दही चालू ठेवा. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

गोळी लागलीच तर

आहारातून भरत नसेल, गर्भारपण असेल किंवा हाडं ठिसूळ झाली असतील तर गोळी लागते. सरकारी कार्यक्रमात गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या देतात, त्या बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवायच्या असतात. दोन्ही एकदम घेऊ नका, एका वेळी पाचशेपेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यायची. लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास अंतर ठेवा, नाहीतर त्या गोळ्यांचं काम अर्धवट होतं.

कॅल्शियम शोषायला ड जीवनसत्त्व लागतं. त्यासाठी ६०,००० युनिटचं पाकीट किंवा कॅप्सूल साधारण आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच दिलेली असते. जुनी चिठ्ठी दाखवून ती महिनोन्महिने, किंवा चुकून रोज घेणारे रुग्ण येतात. त्यानं रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं: सतत तहान, उलट्या, बद्धकोष्ठता, गुंगी. अशी लक्षणं दिसली तर औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर ओठांभोवती मुंग्या येऊन हाताची बोटं आखडू लागली, तर तेव्हाही थांबू नका. तिथे कॅल्शियम खरोखरच कमी झालेलं असतं.