मशीन थांबलंय? आधी कोड वाचा

रविवारची रात्र, मुलांचे युनिफॉर्म मशीनमध्ये आणि मशीन मध्येच थांबून स्क्रीनवर दोन अक्षरं दाखवतंय. लगेच मेकॅनिकला फोन लावू नका. बऱ्याचदा उपाय तुमच्याच हातात असतो.

एलजीच्या मशीनवर ‘आयई’ आलं तर समजा, पाणी आत येत नाहीये. सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेल्सवर त्यासाठी ‘४सी’ किंवा ‘४ई’ दिसतं. नळ चालू आहे ना, पाइप दुमडला नाही ना, ते पाहा. सगळं ठीक असेल तर नळ बंद करून, प्लग काढून मशीनच्या मागचा पाइप सोडवा. तिथे छोटी जाळी असते. बोअरवेलचं पाणी असेल तर ती क्षार आणि गाळाने हमखास चोंदते. जुन्या टूथब्रशने घासून काढा.

‘ओई’ किंवा ‘५सी’ म्हणजे पाणी बाहेर जात नाहीये. फ्रंट लोड मशीनमध्ये खाली कोपऱ्यात, छोट्या झाकणामागे ड्रेन फिल्टर असतो. प्लग काढा. पाणी गरम असेल तर थंड होऊ द्या. खाली पसरट ताट आणि जुना टॉवेल ठेवून फिल्टर हळूहळू फिरवा. नाणी, हेअरपिन, बाळाचा हरवलेला मोजा, काय काय निघेल सांगता येत नाही!

‘यूई’ आलं तर कपडे एका बाजूला गोळा झालेत. एकटी जाड चादर धुताना हे होतंच. ती मोकळी करून सोबत दोन टॉवेल टाका.

जळका वास आला किंवा झटका बसला तर मात्र मशीनला हात लावू नका. मेन स्विच बंद करा आणि टेक्निशियनलाच बोलवा.