अमेरिकेत पाच एकर जमीन एवढी स्वस्त का मिळते? होमस्टेडिंगसाठी काउंटी निवडताना नेमकं काय बघायचं?

पाच एकर जमीन, मागे बर्फाचे डोंगर आणि किंमत फक्त काही हजार डॉलर. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या कोस्टिया काउंटीच्या अशा जाहिराती बघून अनेकजण शहर सोडायचा विचार करतात. स्वतःची भाजी पिकवायची, कोंबड्या-शेळ्या पाळायच्या आणि संकट आलं तर बाहेरच्या मदतीशिवाय काही आठवडे निभावायचं, याला तिथे होमस्टेडिंग म्हणतात. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. घरबांधणीपासून सेप्टिक टँकपर्यंतचे बरेच नियम काउंटीच ठरवते.

पण खरी मेख आहे पाण्यात.

इथल्या सपाट भागात वर्षाला जेमतेम 20 ते 25 सेंटीमीटर पाऊस पडतो, तोही बर्फ धरून. आपल्या दुष्काळी माण तालुक्याची सरासरीसुद्धा याहून जास्त आहे! त्यात कोलोरॅडोचा कायदा असा की, ज्याने आधी पाणी वापरलं त्याचा हक्क आधी. काउंटीतल्या सॅन लुईस गावच्या पाटाचा हक्क 1852 सालचा आहे. आज येणारा माणूस या रांगेत शेवटी उभा राहतो. जमीन 35 एकरांपेक्षा कमी असेल, तर बोअरची परवानगी मिळाली तरी सहसा ती घरातल्या वापरापुरतीच असते. बागेला किंवा शेळ्यांना ते पाणी देता येत नाही. पावसाचं पाणी साठवायला 2016 च्या कायद्याने परवानगी दिली, पण फक्त दोन पिंपं, मिळून 110 गॅलन, म्हणजे सुमारे 416 लिटर. त्यामुळे अनेकांना पाणी गाडीने वाहून आणावं लागतं. स्वावलंबन म्हणायचं, तर ते इथेच संपतं.

मग 'सुरक्षित काउंटी' दाखवणारे नकाशे? फेमा या अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या जोखीम निर्देशांकात 18 नैसर्गिक आपत्तींमुळे वर्षाला किती नुकसान होऊ शकतं, याचा अंदाज मोठा भाग असतो. जिथे माणसं आणि घरं कमी, तिथे नुकसानही कमी दिसतं. म्हणजे ओसाड काउंटी नकाशावर सुरक्षित दिसू शकते, पण तिथे राहणाऱ्याला वणवा टळत नाही. 2018 मध्ये कोस्टियातच सुरू झालेल्या स्प्रिंग क्रीक वणव्यात 1 लाख 8 हजार एकर क्षेत्र जळालं.

भरपूर पाऊस असलेली जागाही निर्धोक नसते. हवामान बदलाच्या काळातलं आश्रयस्थान म्हणून नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिलचं नाव घेतलं जायचं. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळानंतर तिथल्या नळांना 53 दिवस पिण्यायोग्य पाणी नव्हतं.

म्हणून जाणकार आधी काउंटीच्या कार्यालयात फोन करतात. बोअरची परवानगी कशासाठी मिळेल? सेप्टिकशिवाय राहता येतं का? रस्त्यावरचा बर्फ कोण काढतं? जवळचं हॉस्पिटल किती मैलांवर आहे? आणि जमीन बघायला जुलैत नाही, जानेवारीत जातात.