व्लादिमीर : एक नाव, दोन उच्चार

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा परस्परांविरुद्ध उभ्या ठाकलेल्या दोन्ही राष्ट्राध्यक्षांचे नाव एकच होते. रशियाचे व्लादिमीर पुतिन आणि युक्रेनचे वोलोदिमिर झेलेन्स्की. उच्चार भिन्न असले, तरी ही एकाच प्राचीन स्लाव नावाची दोन रूपे आहेत.

नावाचा अर्थ

या नावाचे दोन घटक आहेत. पहिल्या घटकाचा अर्थ सत्ता चालवणे असा होतो. १८६० मध्ये वसवण्यात आलेल्या व्लादिवोस्तोक या बंदराच्या नावातही तो आढळतो; 'पूर्वेवर सत्ता गाजव' असा त्या नावाचा आशय आहे.

दुसऱ्या घटकाविषयी मात्र गैरसमज रूढ आहे. रशियन भाषेत 'मीर' म्हणजे जग आणि 'मीर' म्हणजे शांतताही. त्यामुळे व्लादिमीर म्हणजे 'जगाचा स्वामी' किंवा 'शांततेने राज्य करणारा' असे अर्थ सांगितले जातात. जुन्या लेखनात मात्र हा घटक 'मेर' असा आढळतो. प्राचीन जर्मानिक भाषांतील 'थोर, कीर्तिमान' या अर्थाच्या शब्दाशी भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते जोडतात. त्यानुसार 'सत्तेने थोर' हा या नावाचा मूळ अर्थ ठरतो. पुढे परिचित 'मीर' शब्दाच्या प्रभावाने उच्चार बदलला आणि त्याबरोबर अर्थही. १९१८ च्या लेखनसुधारणेपूर्वी जग आणि शांतता या अर्थांचे दोन 'मीर' वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिले जात. तेव्हा व्लादिमीर हे नाव 'जग' या शब्दातील अक्षरानेच लिहिण्याचा प्रघात होता.

राजा आणि संत

या नावाला प्रतिष्ठा लाभली ती किव्हचा राजा व्लादिमीर याच्यामुळे. १०१५ मध्ये निधन पावलेल्या या राजाने ९८८ च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला वासिली हे ग्रीक मूळ असलेले नाव देण्यात आले. धर्मांतरानंतर इव्हान, अलेक्सांद्र, निकोलाय अशी बाहेरून आलेली नावे रशियात रुजली आणि अनेक जुनी स्लाव नावे मागे पडली. व्लादिमीर मात्र टिकले, कारण चर्चने या राजाला संतपद दिले आणि त्याचे मूळ नाव संतांच्या नामावलीत गेले.

उच्चारभेदाचे कारण

पूर्व स्लाव बोलींत या नावाचे रूप 'वोलोदिमेर' असे होते. 'व्लाद' हे रूप दक्षिण स्लाव बोलींवर आधारलेल्या चर्चच्या भाषेतून आले. शहर या अर्थाचे 'गोरोद' आणि 'ग्राद' हे शब्दही असेच जोडीने आढळतात. नोव्हगोरोद या शहरनामात पहिले रूप आहे, तर व्होल्गोग्रादमध्ये दुसरे. युक्रेनी भाषेने बोलीतील रूप जपले, तर रशियनने औपचारिक नाव म्हणून चर्चचे रूप स्वीकारले. तरीही रशियन घरांत व्लादिमीरला लाडाने 'वोलोद्या' म्हणतात. औपचारिक नावातून गेलेला जुना उच्चार घरगुती हाकेत शिल्लक राहिला आहे.

रशियन पद्धतीत वडिलांचे नाव मधल्या नावात येते. त्यामुळे व्लादिमीरचा मुलगा 'व्लादिमीरोविच', तर मुलगी 'व्लादिमीरोव्ना' होते. पुतिन यांच्या वडिलांचे नावही व्लादिमीर असल्याने त्यांचा उल्लेख 'व्लादिमीर व्लादिमीरोविच' असा केला जातो. व्लादिमीर लेनिन यांच्या नावापासून तर सोव्हिएत काळात 'व्लादलेन' हे नवेच नाव तयार झाले.

वारसा कोणाचा?

किव्हमध्ये नीपर नदीकाठच्या टेकडीवर या राजाचा पुतळा १८५३ पासून उभा आहे. मॉस्कोत क्रेमलिनजवळ त्याच राजाच्या भव्य पुतळ्याचे अनावरण ४ नोव्हेंबर २०१६ रोजी पुतिन यांच्या हस्ते झाले. क्रिमिया २०१४ मध्ये रशियाने ताब्यात घेतल्यानंतरच्या या घटनेवर युक्रेनमधून तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. दोन्ही देश या राजाला आपल्या राज्यपरंपरेचा आद्यपुरुष मानतात. भाषेच्या इतिहासात मात्र यांपैकी कोणतेही रूप दुसऱ्याचा अपभ्रंश नाही. एक बोलीतून आले, दुसरे प्रार्थनेच्या भाषेतून, आणि दोन्हींची वाट किव्हवरूनच जाते.