गर्भमेंदूचे एमआरआय

गर्भमेंदूचे एमआरआय ही मातेच्या उदरातील गर्भाच्या मेंदूची रचना व वाढ पाहण्यासाठी केली जाणारी चुंबकीय अनुनाद प्रतिमांकन तपासणी होय. तीत क्ष-किरण वापरले जात नाहीत. सोनोग्राफीत शंका आल्यास ही पूरक तपासणी केली जाते.

पद्धत
तपासणी सहसा १.५ किंवा ३ टेस्ला क्षमतेच्या यंत्रावर होते. गर्भ सतत हालत असल्याने प्रत्येक छेदाची प्रतिमा सुमारे एका सेकंदात टिपली जाते. संशोधनात असे अनेक छेद संगणकाने जुळवून त्रिमितीय प्रतिमा तयार करतात. गॅडोलिनियमयुक्त द्रव्य शक्यतो टाळले जाते.

मेंदूची वाढ
विसाव्या आठवड्यात मेंदूचा पृष्ठभाग बराचसा गुळगुळीत असतो. पुढील आठवड्यांत त्यावर वळ्या उमटतात. त्यामुळे एखादी वळी न दिसणे हे त्या वयात व्यंग ठरत नाही. पार्श्व द्रवकोष्ठाची रुंदी १० मि.मी. किंवा अधिक असल्यास तो विस्तारलेला मानतात. दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसम या तंतुपट्ट्याचा अभावही एमआरआयमध्ये अधिक स्पष्ट दिसतो.

संशोधन
ब्रिटनमधील 'मेरिडियन' अभ्यासात निदानाची अचूकता सोनोग्राफीने ६८ टक्के, तर एमआरआयची जोड दिल्यावर ९३ टक्के आढळली. भारतात आयआयटी मद्रासने २०२४ मध्ये 'धरणी' हा दुसऱ्या तिमाहीतील गर्भमेंदूंचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात ऊतकछेद व एमआरआय यांची सांगड घातली आहे.

कायदा
व्यंगशोधक सोनोग्राफी साधारणतः १८ ते २० आठवड्यांत होते, तर एमआरआयचे निदान त्यानंतर अधिक खात्रीचे ठरते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार गर्भात गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यानंतर वैद्यकीय मंडळाचे निदान आवश्यक असते. मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांच्यासह क्ष-किरणतज्ज्ञ किंवा सोनोग्राफीतज्ज्ञ असतो. अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत मंडळाने निर्णय द्यावयाचा असतो. म्हणूनच निदानास झालेला काही दिवसांचा विलंबही कुटुंबासाठी निर्णायक ठरू शकतो. वाद उद्भवल्यास मराठवाड्यातील कुटुंबांना छत्रपती संभाजीनगर येथील मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागता येते.

१९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार कोणत्याही तंत्राने गर्भाचे लिंग सांगणे गुन्हा आहे. एमआरआयही त्यास अपवाद नाही.