कैद्याला विचारायचं काय?

आता बघा, अटक झाल्यापासून माणसाला सगळे एकच विचारतात. पोलीस, वकील, न्यायाधीश. काय केलंस? का केलंस? हे प्रश्न लागतातच, त्यांना सुट्टी नाही. पण दहा वर्षं हेच विचारत राहिलो, तर त्याच्यापाशी स्वतःबद्दल सांगण्यासारखी एकच गोष्ट उरते. सुटल्यावर तो तीच घेऊन बाहेर पडतो.

डेव्हिड कूपररायडर या अमेरिकन अभ्यासकाने १९८०च्या दशकात संस्थांसाठी एक पद्धत मांडली. काय बिघडलं यापेक्षा काय चांगलं चाललं आणि कशामुळे, इथून चौकशी सुरू करायची. केंब्रिजच्या ॲलिसन लिबलिंग यांनी ती इंग्लंडमधल्या व्हाइटमूर या कडेकोट तुरुंगात, कर्मचारी आणि कैदी यांच्या नात्याचा अभ्यास करताना वापरली. इथला तुमचा सर्वांत चांगला दिवस कोणता, अशा धर्तीचे प्रश्न. पुढे त्यांनी आदर, माणुसकी, विश्वास, न्याय्य वागणूक यांवरून तुरुंग जोखण्याची मोजपट्टीच बसवली.

यावर आक्षेप येतो: ही खुशामत नाही का? ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला हे ऐकून राग येणारच, आणि तो राग आम्ही चुकीचा म्हणणार नाही. पण 'तू फार चांगला आहेस' असं म्हणणं वेगळं. ते खोटं असेल तर कैद्याला आपल्याआधी कळतं! 'शेजारचा तापाने फणफणला होता, तू रात्रभर जागलास, ते का?' हे विचारणं वेगळं. इथे त्याला उत्तर द्यावं लागतं: मला तसं वाटलं, म्हणून मी केलं. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हा 'मी केलं' फार महत्त्वाचा. परिस्थितीने, मित्रांनी, दारूने करवलं म्हणणारा माणूस हळूहळू कर्ता होऊ लागतो. चांगल्याचं कर्तेपण घेतलं की गुन्ह्याचंही नाकारता येत नाही.

आपल्याकडे या शास्त्राच्या कितीतरी आधी, १९३९ साली, औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना, पंतप्रतिनिधींचा पाठिंबा. कैदी कुटुंबासह राहून शेती करत. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचलेला. तिथे 'तुझ्यावर विश्वास आहे' असं वेगळं सांगायला नको होतं, भिंतच नव्हती.

बंद तुरुंगात मात्र हे बोलणार कोण? बाहेरचे स्वयंसेवक आठवड्यातून तासभर येतात. रोजचा संबंध शिपायाचा. व्हाइटमूरमध्ये तो प्रश्न कर्मचाऱ्यांनाही विचारला होता, हे विसरू नका. आपल्या शिपायाला, बारा तासांच्या ड्यूटीनंतर, आजचा दिवस कसा गेला हे कुणी विचारतं का?