लस, सक्ती आणि विश्वास

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि भयभीत लोक शहर सोडून जाऊ लागले. सरकारच्या पाचारणावरून डॉ. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरात तेथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत लस सिद्ध केली. तिचे तत्त्व साधे होते. उष्णतेने मारलेले रोगजंतू टोचले असता प्रत्यक्ष रोग न होता शरीराला शत्रूची ओळख पटते व ते प्रतिकारास सज्ज होते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. इतरांची पाळी त्यानंतर आली.

त्याच वर्षी पुण्यात प्लेग निवारणासाठी निराळाच मार्ग अनुसरला गेला. गोरे सोल्जर घराघरांत शिरले, रुग्णांना बळाने हलविले गेले. या जुलमाविरुद्धचा संताप किती पराकोटीस पोहोचला, हे २२ जून रोजी रँडवर झाडलेल्या गोळीने दाखवून दिले. रोग एकच, परंतु एकाने आधी स्वतःचा दंड पुढे केला, तर दुसऱ्याने दंडा उगारला.

विश्वास मिळविणे कठीण, गमावणे मात्र सोपे. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका येऊन प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्याकडून गेली. हे सर्व जण एकाच बाटलीतील लस टोचलेले होते व ती गावी उघडताना दूषित झाली असावी, असे पुढे तज्ज्ञांनी दाखविले. १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव मिळाले.

लसीचे यशच आज तिच्या मुळावर येत आहे. १९८० साली जगातून देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. चेहऱ्यावर देवीचे व्रण वागविणारी पिढी आता सरत आली आहे. रोग दिसेनासा झाला, की टोचण्याची वेदना तेवढी दिसते! परंतु गोवरावरील लस घेण्याइतके ज्यांचे वय झालेले नाही, अशा तान्ह्या मुलांचे रक्षण भोवतालच्यांनी ती घेतली तरच होते. म्हणूनच लसीकरण हे केवळ स्वतःचे हित नसून शेजारधर्मही आहे.

मात्र शंका घेणाऱ्यास अडाणी ठरवून तो धर्म रुजणार नाही. त्याच्या प्रश्नास प्रामाणिक उत्तर देणे व चूक घडल्यास ती न लपविणे, हेच शासनाचे व सुशिक्षितांचे कर्तव्य होय. शतकापूर्वीच्या प्लेगने दिलेला हा धडा विसरून चालणार नाही.