घर वाढले, आता गाडी कोणती?

नवा माल घेताना आपला व्यापारी चार ठिकाणी भाव विचारतो, कापड बोटांत धरून पाहतो, रंग जातो का याची खात्री करतो. तोच व्यापारी गाडी घ्यायला निघाला की शेजाऱ्याच्या दारात कोणती उभी आहे तेवढेच पाहतो. हे आम्ही थट्टेने लिहीत नाही. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत असे झाले आहे. आपल्या बहुतेक कारागीर बांधवांचा गाडीचा पैसा वेगळ्या तिजोरीतून येत नसतो. व्याजाच्या कर्जापासून दूर राहणारा माणूस गाडी रोखीने घेतो, म्हणजे धंद्याच्या भांडवलातूनच घेतो. त्यामुळे निवड चुकली तर ती चूक घरापुरती राहत नाही, दुकानापर्यंत पोचते.

सोलापुरात शालेय गणवेश शिवण्याचा धंदा मोठा आहे. तिथल्या आमच्या एका स्नेह्यांची हकीकत त्यांच्या संमतीने, नाव न घेता, सांगत आहोत.

१९९७ साली त्यांचे लग्न झाले तेव्हा दारात एक स्कूटर होती. मुलगी झाली, दोन वर्षांनी मुलगा झाला, तरी स्कूटरच. मुलगी पुढे उभी, मुलगा आईच्या मांडीवर. असे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे आणि बहुतेकांनी अनुभवलेही आहे. २००१ मध्ये पावसात भिजून मुलाला न्यूमोनिया झाला, तेव्हा त्यांनी जुनी मारुती ८०० घेतली. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या या छोट्या गाडीने आपल्या देशातील मध्यमवर्गाला गाडीत बसवले. ७९६ सीसीचे इंजिन, दोन मोठी माणसे, दोन लेकरे आणि डिकीत एक बॅग. चार जणांच्या घराला याहून अधिक काय लागते?

पण घर चारांचे राहत नाही. २००६ मध्ये धाकटी मुलगी झाली. पुढच्याच वर्षी गावाकडची शेती वाट्याने देऊन आई-वडील सोलापुरात आले. सात माणसे झाली. स्नेह्यांनी मारुती विकली आणि आठ आसनांची ओम्नी घेतली. मागे समोरासमोर दोन बाकडी, बाजूला सरकणारे दार. गुडघे धरलेल्या आईला त्या रुंद दारातून चढणे सोपे जाई. इंजिन पुढच्या आसनाखाली असल्याने उन्हाळ्यात वडिलांना खालून चटका लागे आणि ते दर फेरीला कुरकुरत. तरी त्या गाडीने घराचे सात-आठ वर्षे काम भागवले. गुलबर्ग्याला मामाकडे, पुण्याला फुफीकडे, सगळे एकत्र. सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र ती कच्ची होती. नाक चपटे, एअरबॅग नाहीत. सुरक्षेचे नियम कडक झाल्यावर २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

ओम्नी घरात आली की तिच्यात माल भरला जातोच. मे-जून हा गणवेशाचा हंगाम. बाकडी काढायची, गठ्ठे भरायचे, बार्शी-पंढरपूरच्या दुकानांना पोचवायचे. २०१३ मध्ये अशाच एका फेरीत गाडी कठड्यावर आदळली. माणसे वाचली, हा अल्लाहचा फजल. गाडीचा पुढचा भाग चेपला आणि विमा कंपनीने दावा नाकारला. कारण पॉलिसीतच लिहिलेले होते. खासगी मोटारीच्या विम्यात नमुन्याचा माल आणि वैयक्तिक सामान सोडून इतर मालाची वाहतूक बसत नाही. भाड्याने प्रवासी नेणेही बसत नाही. आमच्या वाचकांपैकी कितीजणांनी आपली पॉलिसी उघडून ही ओळ वाचली आहे? पांढऱ्या पाटीच्या गाडीत रोज तागे वाहणाऱ्यांनी आज संध्याकाळीच ती वाचावी.

यानंतरची गोष्ट सांगताना आमचे स्नेही अजूनही खाली पाहतात. २०१५ मध्ये घरात एक लग्न ठरले. वरात, पाहुणे, साडूंची मोठी गाडी. आपल्याकडे जुनी ओम्नी कशी चालेल? त्यांनी तीन रांगांची, उंच, डिझेलवरची मोठी गाडी रोख पैसे देऊन घेतली. पैसे आले कुठून? गणवेशाचे सूटिंग कापड भिलवाड्याकडून येते आणि त्याची खरेदी हंगामाच्या कितीतरी आधी करावी लागते. त्या खरेदीसाठी राखलेली रक्कम गाडीत गेली. मग कापड उधारीवर घ्यावे लागले. रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट गेली, आवडीचा माल दुसऱ्याने उचलला आणि दोन शाळांचे काम हातातून निसटले. शिवणकाम करणाऱ्या बायकांना त्या वर्षी काम कमी मिळाले. गाडीची किंमत कागदावर लिहिलेली असते, ही किंमत कुठेही लिहिलेली नसते.

शिवाय ज्या आईसाठी 'मोठी, आरामाची' गाडी घेतली, तिलाच तिच्यात चढता येईना. पायरीवर पाय ठेवायचा, वर ओढून घ्यायचे, गुडघ्यावर सगळा भार. दवाखान्यात जायला ती रिक्षा मागू लागली. तिसऱ्या रांगेत मुले बसली की डिकीत एक पिशवीही मावत नसे. २०१८ मध्ये गाडी विकली तेव्हा बराच तोटा सोसावा लागला.

तेव्हा त्यांनी जे केले ते आम्हाला सर्वांत शहाणपणाचे वाटते. घर आणि धंदा यांची वाहने वेगळी केली. मालासाठी जुना छोटा हत्ती, घरासाठी जुनी लहान गाडी. इथे हिशेबाची एक गोष्ट व्यापारी बंधूंनी ध्यानात घ्यावी. नोंदणीकृत व्यापाऱ्याने मालवाहू टेम्पो धंद्यासाठी घेतला तर त्यावर भरलेला जीएसटी त्याला आपल्या करातून वळता करून घेता येतो. चालकासह तेरापर्यंत आसनांच्या मोटारीवरचा जीएसटी असा वळता होत नाही. टॅक्सीचा, गाड्या विकण्याचा किंवा ड्रायव्हिंग शिकवण्याचा धंदा असेल तरच होतो. 'धंद्याच्या नावावर मोटार घ्या, कर वाचेल' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आयकरात मोटारीवर सर्वसाधारणपणे वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो हे खरे, पण घरगुती वापराचा वाटा त्यातून वगळला जातो. उलट महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर गाडी नोंदवली तर रस्ता कर व्यक्तीच्या नावापेक्षा जबर बसतो. तेव्हा आधी आपल्या हिशेबनिसाला विचारावे.

मधल्या काळात घर पुन्हा बदलले. २०१९ मध्ये वडील अल्लाहला प्यारे झाले. थोरली लेक सासरी गेली, धाकटी शिकायला पुण्याच्या वसतिगृहात. मुलाचे लग्न झाले आणि २०२५ मध्ये नातू आला. आईला आता चार पावलांपलीकडे चाकांची खुर्ची लागते. लहान गाडीच्या डिकीत खुर्ची ठेवली की नातवाचे सामान मांडीवर. पुन्हा मोठी गाडी घ्यावी असा आग्रह घरातूनच सुरू झाला.

या वेळी त्यांनी दुकानाची सवय वापरली. महिनाभर एका वहीत प्रत्येक फेरीची नोंद ठेवली: कुठे, कितीजण, काय सामान. महिन्याच्या शेवटी ४१ फेऱ्या निघाल्या. त्यांतील ३६ वेळा गाडीत चार किंवा त्याहून कमी माणसे होती. सातजण फक्त एकदा, थोरली लेक मुलांसह आली तेव्हा. खुर्ची मात्र नऊ वेळा लागली. म्हणजे गरज रांगेची नव्हती, डिकीची आणि दाराची होती. एका लग्नासाठी किंवा एका ईदसाठी वर्षभर मोठी गाडी पोसण्यापेक्षा त्या दिवशी भाड्याची गाडी आणणे किती स्वस्त, हे वहीनेच सांगितले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, त्याचाही उपयोग झाला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलच्या १२०० किंवा डिझेलच्या १५०० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारींवर १८ टक्के, त्याहून मोठ्यांवर ४० टक्के. एर्टिगासारखी सात आसनी गाडी सुमारे ४.४ मीटर लांब आणि १४६२ सीसीची, म्हणून ती वरच्या दरात जाते. तिन्ही रांगा उभ्या असताना तिची डिकी २०९ लिटरची. ट्रायबर चार मीटरच्या आत आणि ९९९ सीसीची, म्हणून खालच्या दरात. सातही आसने लावली तर डिकी फक्त ८४ लिटर, पण मागची दोन आसने काढून ठेवता येतात आणि मग ६२५ लिटर जागा होते. तिचे इंजिन लहान आहे, सातजण बसवून घाट चढताना ते जाणवते. ज्यांना दर आठवड्याला सातजण घेऊन लांब जायचे आहे त्यांनी तिच्या वाटेला न गेलेले बरे, असे आमचे मत आहे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तिचे साल पाहावे. जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, त्याआधीच्या अनेक स्वस्त गाड्यांत एकही नसे. लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची आपल्याकडची सवयही आता सोडायला हवी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंडाचे सोडा, अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचे मूल कोणाच्याही हातात राहत नाही.

खरेदीच्या दिवशी स्नेही आईलाच शोरूममध्ये घेऊन गेले. विक्रेता पडदा, आवाज, कॅमेरे दाखवत होता. आईने एकेका गाडीत बसून पाहिले. एकीत चढावे लागले, एकीत खाली बसल्यासारखे झाले. तिसरीत कमरेच्या उंचीवर आसन होते, ती टेकली आणि पाय आत घेतले. "हीच," ती म्हणाली. किंमत तिने विचारली नाही, ती मुलाने विचारली, आणि भिलवाड्याची रक्कम बाजूला ठेवूनही ती बसत होती.

मागची दोन आसने आता जुन्या चादरीत गुंडाळून कटिंगच्या खोलीत ठेवलेली असतात. लेक माहेरी येणार असली की मुलगा ती बसवतो. ती गेली की काढतो, कारण तिथे आजीची खुर्ची ठेवायची असते.